"तो आमचा माणूस नाही" : कोकण किनाऱ्यावरच्या पर्यटन व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर लॉज, रिसॉर्ट, होमस्टे, खाणावळ, पार्किंग, बोटिंग आणि जलक्रीडा चालवणारे सर्व मालक-चालक

विषय : कामावरच्या माणसाने पर्यटकाला मारहाण केल्याचा आरोप झाल्यास मालकाची जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

नाताळ ते नवं वर्ष आणि मग मे महिना, या गर्दीच्या दिवसांत किनाऱ्यावर कुठे ना कुठे पर्यटक आणि कामगार यांची जुंपतेच. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करतं, ते तासाभरात सगळीकडे फिरतं, आणि मालकांकडून दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे." दुसरं, "त्याला आम्ही त्याच दिवशी काढून टाकलं." पहिलं वाक्य न्यायालयात बहुधा टिकत नाही. दुसरं मालकाच्याच अंगाशी येतं. असं का होतं आणि त्याऐवजी काय करावं, हे सांगायला हे पत्र लिहीत आहोत. आम्ही या तीन जिल्ह्यांत ग्राहक तक्रारी, दिवाणी दावे आणि कामगारांची प्रकरणं हाताळतो, आणि दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेतो.

आधी एक गल्लत दूर करू. मारहाणीच्या एकाच प्रसंगातून दोन वेगळी प्रकरणं निघतात. एक फौजदारी. ते ज्याने मारलं त्याच्यावर चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला कलम ११५(२) लागतं : एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस ठाण्यात पुष्कळदा 'एनसी'वर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर भागतं. पण हाड मोडलं, दात पडला किंवा १५ दिवस माणूस आपली रोजची कामं करू शकला नाही, की ती गंभीर दुखापत ठरते आणि कलम ११७(२) खाली शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. बाईच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला तर कलम ७४ : किमान १ वर्ष, कमाल ५ वर्षं, आणि हा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. सरपंचांना मध्ये घालून कागदावर सह्या घेतल्या म्हणजे असं प्रकरण संपलं, या समजुतीत कोणी राहू नये.

या फौजदारी बाजूला मालक केवळ मालक आहे म्हणून आरोपी होत नाही. कायद्यातच तशी तरतूद असल्याशिवाय दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी वरच्या माणसाला धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुनील भारती मित्तल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुम्ही "धर त्याला" म्हणालात, स्वतः हात चालवलात किंवा नंतर पुरावा नाहीसा केलात, तर गोष्ट वेगळी. आणि एक अपवाद प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. पीडित १८ वर्षांखालील असेल आणि आरोप लैंगिक अत्याचाराचा असेल, तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २१(२) प्रमाणे हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला स्वतःला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे "आधी घरच्यांशी बोलून बघू" म्हणायला जागाच नाही.

दुसरं प्रकरण नुकसानभरपाईचं, आणि मालक अडकतो तो इथे. नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाकडून मागता येते. मालकाचा स्वतःचा दोष दाखवावा लागत नाही. "मारायला आम्ही सांगितलं नव्हतं" हे उत्तर पुरत नाही, कारण कोणताच मालक तसं सांगत नसतो. न्यायालय पाहतं ते एवढंच, की त्याला दिलेलं काम आणि त्याने केलेली मारहाण यांचा किती जवळचा संबंध आहे.

आपल्या धंद्याला सगळ्यात लागू पडणारा निकाल रेल्वेचा आहे. १९९८ साली हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. हे त्या माणसांचं वैयक्तिक कृत्य आहे, आमचा संबंध नाही, असं रेल्वेचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते फेटाळलं. यात्री निवास चालवणं हा व्यावसायिक उद्योग आहे, त्यातल्या नोकरांच्या कृत्याची भरपाई चालवणाऱ्याने द्यायची, असं म्हणून उच्च न्यायालयाने ठरवलेले १० लाख रुपये कायम केले. खोली भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असावा.

इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा मोहमूद निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपल्याकडचे वकील तो पुढे करतात. पेट्रोल पंपावरच्या माणसाने गिऱ्हाइकाला शिव्या दिल्या, बाहेर गाडीपर्यंत मागे गेला आणि मारलं. त्याचा वरिष्ठ त्याला थांबवत होता, तरीही कंपनी जबाबदार ठरली, कारण गिऱ्हाइकांशी बोलणं हेच त्याचं काम होतं आणि भांडण तिथूनच सुरू झालं. त्याच न्यायालयाने २०२० मध्ये ही कसोटी थोडी आवळली : स्वतःचा सूड उगवायला केलेलं कृत्य मालकाच्या माथी येत नाही.

सुटका कुठे होते, तेही सांगतो. १९७८ च्या स्टेट बँकेच्या एका प्रकरणात बाईंनी बँकेतल्या माणसाला शेजारी आणि ओळखीचा म्हणून पैसे दिले होते, काउंटरवरचा कर्मचारी म्हणून नव्हे. त्याने ते खाल्ले, आणि बँक सुटली. त्याच न्यायाने तुमचा वेटर ड्यूटी संपल्यावर बाजारात जुन्या वैरातून कोणाला भिडला, तर तुमच्यावर भरपाई येणं कठीण. पण तोच वेटर बिलावरून वाद झालेल्या गिऱ्हाइकाच्या मागे दुसऱ्या दिवशी जेटीवर गेला, तर "ड्यूटी संपली होती" एवढ्याने भागणार नाही.

आता ठेकेदाराचा मुद्दा. पार्किंगचा पोरगा, रात्रीचा गार्ड, पॅरासेलिंगच्या बोटीवरचा हेल्पर, जेटीवर गिऱ्हाइकं गोळा करणारा, यांतला एकही पगारपत्रकावर नसतो. न्यायालय पगारपत्रकापुरतं बघत नाही. त्याला कुठे उभा राहा हे कोणी सांगितलं, टी-शर्टवर नाव कोणाचं, पैसे कोणाच्या गल्ल्यात जातात, चूक झाली तर ओरडतं कोण, हे सगळं बघितलं जातं. २००४ च्या सविता गर्ग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डॉक्टर कायम नोकरीवर आहे की कंत्राटावर, हे रुग्णाने शोधत बसायचं कारण नाही, रुग्णालयाने उत्तर द्यायचं. पर्यटक तुमच्या गेटातून आत आला असेल तर हाच युक्तिवाद तुमच्याविरुद्ध होणार. होमस्टेत तर पगार घेणारा बहुधा कोणीच नसतो, पुतण्या, भाचा, शेजारचा पोरगा काम बघतो. तुमच्या सांगण्यावरून तुमचं काम करत होता, एवढं सिद्ध झालं की पुरे. आणि धंदा एकट्याच्या नावावर असेल तर वसुलीचा हुकूम घर, वाडी, आंब्याची कलमं या सगळ्यांपर्यंत पोचतो.

तक्रार कुठे दाखल होते हेही ओळखा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे प्रसंग देवबागला घडला तरी प्रकरण पुण्याला किंवा ठाण्याला चालू शकतं, आणि तारखांना तुम्ही जायचं. किती रकमेपर्यंतची प्रकरणं कोणत्या आयोगात चालतील, ही मर्यादा मोजतात ती गिऱ्हाइकाने दिलेल्या किमतीवर. ४ हजारांच्या खोलीसाठी कोणी २० लाखांची भरपाई मागितली तरी प्रकरण जिल्हा आयोगातच राहतं, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. तुमच्या उत्तराला मात्र नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली पक्कं केलं आहे. हंगामात आलेलं रजिस्टर पाकीट ड्रॉवरमध्ये पडून राहिल्यामुळे उत्तराचा हक्क गेलेली प्रकरणं थोडीथोडकी नाहीत. साक्षीपुरावा फार गुंतागुंतीचा असेल तर आयोग दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवू शकतो, पण त्या आशेवर गप्प बसू नका.

आता मुळाशी येऊ. किनाऱ्यावरच्या बहुतेक मारामाऱ्यांचं कारण कामगाराचा तापट स्वभाव असं सांगितलं जातं. आमचं मत वेगळं आहे. कारण मालकाने घालून दिलेल्या पद्धतीत असतं. "गिऱ्हाईक पैसे न देता गेलं तर तुझ्या पगारातून कापीन" असं सांगितलेला पोरगा गाडीसमोर आडवा होणार, चावी काढून घेणार, कॉलर धरणार. बनाना राइडवर ठरल्यापेक्षा जास्त काढलेल्या पैशांत ज्याचा हिस्सा आहे, तो परत मागणाऱ्याशी भांडणार. पगारातून अशी मनमानी कपात कायद्याला मुळात मान्यच नाही. ती थांबवा आणि दर मराठी-हिंदीत, मोठ्या अक्षरात, माणशी की बोटीमागे हे स्पष्ट करून पाटीवर लावा. सीझनला १६-१६ तास उभा असलेला माणूस रात्री एक वाजता दारू प्यायलेल्या दहा जणांना एकटा शांत करू शकत नाही. रात्री गेटावर दोघे हवेत, आणि थर्टी फर्स्टला संध्याकाळी नव्या दमाची पाळी.

हात कधी लावायचा, याचा नियम लेखी हवा. बिलाचा वाद हा बिलाचा वाद. त्यासाठी गाडी अडवणं, चावी किंवा आधारकार्ड ठेवून घेणं, खोलीला बाहेरून कडी लावणं हे अटकाव आणि डांबून ठेवण्याच्या गुन्ह्यांत जातं, आणि मग दोष तुमचा ठरतो. बिलाची प्रत, रजिस्टरातली नोंद आणि गाडीचा नंबर ठेवा, नोटीस पाठवा. खासगी माणसाला कोणाला पकडता येतं ते त्याच्या डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात किंवा तो घोषित गुन्हेगार असेल तर, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी बळ वापरता येतं, पण गरजेपुरतंच. समोरचा खाली पडला किंवा मागे वळला, की त्यापुढची प्रत्येक लाथ ही मारहाण. चित्रणात न्यायालय नेमका हाच क्षण शोधतं.

समुद्रातलं वेगळं. भरतीत कमरेएवढ्या पाण्यात गेलेल्या, दारू प्यायलेल्या माणसाला जीवरक्षकाने दंडाला धरून ओढून आणलं, तर ते त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेलं कृत्य म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण मिळू शकतं. वाळूवर आणल्यावर राग आला म्हणून मारलेल्या कानाखालीला ते मिळत नाही. शिट्टी कधी वाजवली, कितीदा हाका मारल्या, भरतीची वेळ काय होती, हे जीवरक्षकाच्या वहीत त्याच दिवशी लिहिलेलं असेल तर तो वाचतो.

गार्ड एजन्सीकडून घेत असाल तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना पाहा, त्याची प्रत करारासोबत ठेवा. केंद्राच्या नमुना नियमांत नव्या गार्डला १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. किती झालं ते विचारा. जिममधून चार दिवसांसाठी आणलेला 'बाउन्सर' हा परवाना नसलेला, प्रशिक्षण नसलेला, पण जबाबदारी मात्र तुमची असलेला माणूस असतो. चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज होतो. तो दिवाळीआधी करा, डिसेंबरात वेळेवर हातात पडेलच असं नाही.

प्रसंग घडलाच, तर पहिला तास उपचारांचा. जखमी कोणीही असो, ११२ ला फोन आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून जखमेची वैद्यकीय नोंद. तिचा फायदा दोघांनाही असतो, कारण जखम किती आणि कसली हे त्या कागदावरच ठरतं. रुग्णालयाचा खर्च तुम्ही केलात तर तो कबुलीजबाब होत नाही, फक्त "जबाबदारीची कबुली न मानता" असं पावतीसोबत लिहून ठेवा. जमाव कामगाराला हात जोडून माफी मागायला लावतो आणि त्याचं चित्रण करतो, ते होऊ देऊ नका. दबावाखालची ती माफी त्याची मानहानी करते आणि पुढे तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून फिरते.

मग लगेच कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र. इथे सगळ्यात जास्त प्रकरणं बिघडतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने चालला तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७० जीबीच्या वर. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसांत जुनं पुसून नवं लिहायला लागते, ४ टीबीची तेवीस दिवसांत. नोटीस येते महिन्याने. त्यामुळे त्याच रात्री प्रसंगाच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास मूळ फॉरमॅटमध्ये दोन पेनड्राइव्हवर काढा, आणि शक्य असेल तर डिस्कच काढून सीलबंद ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल दाबली जाते, ती मूळ पुरावा नव्हे. न्यायालयात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात यंत्र सांभाळणाऱ्याची आणि तज्ज्ञाची अशा दोघांची सही आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक असतो. डीव्हीआरचं घड्याळही बघा. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असला की पावसाळ्यात वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते, आणि रात्रीचं भांडण सकाळचं दिसतं. खारी हवा कॅमेऱ्याचे कनेक्टर खाते, म्हणून गेट आणि गल्ला या दोन ठिकाणचं चित्र दर सोमवारी उघडून तपासा. चित्रण तुमच्या माणसाच्या विरोधात जाणारं असलं तरी पुसू नका. पुरावा म्हणून लागणारी नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ चा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि तो तुमच्या स्वतःच्या नावावर लागतो.

कामगाराबद्दल इथे कळकळीने लिहायचं आहे. आरोप म्हणजे दोष नव्हे. त्याच दिवशी हाकलल्याने घडलेल्या कृत्याची तुमची जबाबदारी तसूभर कमी होत नाही, उलट तुमचा मुख्य साक्षीदार गावी निघून जातो किंवा समोरच्या बाजूला जाऊन बसतो. त्याला गिऱ्हाइकांपासून दूरच्या कामावर लावा किंवा निलंबित करा. मोठ्या आस्थापनांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, निलंबनकाळात पहिले ९० दिवस निम्मा आणि नंतर ७५ टक्के निर्वाहभत्ता असतो, लहान धंद्यानेही तेच माप धरावं. आरोप लेखी द्या, उत्तराला दोन-तीन दिवस द्या, आणि चौकशी प्रसंगात नसलेल्या माणसाकडून करून घ्या. तो नेपाळी, ओडिया किंवा झारखंडचा असेल तर जबाब त्याच्या भाषेत लिहून घ्या. न वाचता येणाऱ्या मराठी कागदावरचा अंगठा कोणाच्याच उपयोगाचा नाही. त्याचा फोन आणि कागदपत्रं काढून घेऊ नका. आणि पहिला हात पर्यटकाने उचलला असेल, जे पुष्कळदा घडतं, तर कामगाराबरोबर पोलीस ठाण्यात जा. कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई त्यालाही मालकाकडून मिळते.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी वेगळी वाट आहे. कायम, हंगामी, ठेक्यावरचे सगळे मिळून दहा किंवा अधिक माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार करणारी बाई तुमची कर्मचारीच असायला हवी असं कायदा म्हणत नाही, पाहुणी म्हणून आलेली बाईही तक्रार करू शकते. मुदत तीन महिने, चौकशी ९० दिवसांत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन पाटीवर लावा.

"घडणाऱ्या प्रकारास व्यवस्थापन जबाबदार नाही" ही पाटी काढली तरी चालेल. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलं, की हॉटेलच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणावर 'मालकाच्या जोखमीवर' या छापील ओळीने पांघरूण घालता येत नाही. विम्याचंही तसंच. पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत जाणूनबुजून केलेलं कृत्य बहुतेक वेळा वगळलेलं असतं. नोकराने केलेली मारहाण, जी मालकाच्या इच्छेविरुद्ध घडली, तिच्या भरपाईचा दावा पॉलिसीत येतो का, हे एजंटाला तोंडी विचारू नका. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

ठेकेदाराशी केलेला करार पर्यटकाविरुद्ध तुमची ढाल होत नाही, पण भरलेली भरपाई त्याच्याकडून परत मिळवायला तो लागतो. त्यात एवढी कलमं घाला : माणसाच्या कृत्यामुळे आलेला दावा आणि वकिलाचा खर्च ठेकेदार भरून देईल, माणूस बदलण्याआधी नाव आणि ओळखपत्र देईल, चौकशीसाठी त्याला हजर करेल, आणि त्याच्या विम्याची प्रत दरवर्षी देईल. सध्याच्या बहुतेक करारांत फक्त रक्कम आणि तारीख असते. जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा हे करार नव्याने लिहून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. सप्टेंबरला बोटी पाण्यात उतरण्याआधी ते सही होऊन फाइलला लागलेले असावेत.

आपले,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वकिली आणि कामगार सल्ल्याचं काम करणारे काही जण